सेल्फ घेईना

आम्ही राहायचो त्या जागेला घर म्हणावं की नाही, यावरून आईची, म्हणजे अव्वाची, आणि अप्पांची कुरबुर कायम चालायची. रिसॉर्टच्या मागच्या अंगाला, जनरेटरच्या खोलीला चिकटून दोन खोल्या होत्या. अप्पा त्यांना क्वार्टर म्हणायचे, अव्वा गोठा म्हणायची. जनरेटर सुरू झाला की भिंतीतून बारीक कंप यायचा आणि मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणत राहायची. तो थांबला की मग रान ऐकू यायचं. धनेशाच्या पंखांचा भात्यासारखा आवाज, खाली सुप्याच्या धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा, आणि पलीकडच्या काठावर कुणी लाकूड फोडत असलं तर त्याचा ठोकासुद्धा. आमचं खरं घर कुंभारवाडा गावाकडे. तिथे चुलते भात लावायचे आणि अव्वाचा जीव तिथल्या शेताच्या बांधावर अडकलेला. अप्पांना मात्र शेतात कधी गोडी वाटली नाही. ते आयुष्यभर ड्रायव्हर होते, लाकडाच्या लॉरीवर. रानातली तोड बंद झाली, लॉरी विकली गेली, आणि अप्पा बरेच दिवस ओसरीवर हात बांधून बसून राहिले. त्या दिवसांत ते रिकाम्या खाटेवर बसूनसुद्धा उजवा पाय मधेच दाबायचे, ब्रेकवर असल्यासारखा. मग एकदा गुंद गावाकडच्या ओळखीने निरोप आला की पाण्याच्या काठावर एका बेळगावच्या माणसाने रिसॉर्ट काढलंय, त्याला यंत्र चालवणारा माणूस पाहिजे. आम्ही भांडीकुंडी घेऊन निघालो. अव्वाला स्वयंपाकघर मिळालं, मला तिच्या हाताखालचं काम, आणि अप्पांना यंत्र.

ते यंत्र म्हणजे गवत कापायची गाडी. मालकांनी गोव्याच्या एका हॉटेलातून जुनी घेतलेली. लाल रंग, पुढे दोन लहान चाकं, मागे दोन मोठी, मधे पोटाखाली पाती, वर माणूस बसायला सीट आणि हातात खरंखुरं स्टिअरिंग. मागे एक लहान ट्रॉली जोडता यायची, कापलेलं गवत भरून न्यायला. लोक इथे रान बघायला यायचे आणि आल्याबरोबर विचारायचे, बसायला हिरवळ कुठे आहे. म्हणून मालकांनी पाण्याच्या उतारापर्यंत मोठं थोरलं मैदान राखलं होतं. सकाळी दव सुकलं की अप्पा चावी फिरवायचे, इंजीन आधी खाकरायचं आणि मग धडधडत लयीत यायचं, आणि लॉरीवर बसावं तसे ताठ बसून अप्पा त्या हिरवळीवर एकेक पट्टा कापत जायचे. वळताना हात बाहेर काढून इशारा करायचे. मागे कुणी नसायचं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हसायचे आणि अव्वा म्हणायची, “बघ, चालला तुझा बाप हुबळीला.”

पाहुण्यांसाठी पनीर, पुलाव, टोमॅटोचं सूप. आमच्यासाठी नाचणीची भाकरी, कुळथाचं सार आणि पावसाळा सरला की उकडलेली कणंगं. रानच्या कंदांची ती वाफ अजून माझ्या नाकात आहे, मातीची आणि दुधाची मिसळल्यासारखी. अप्पा कणंग सोलून मिठात बुडवून खायचे आणि खाताना फक्त यंत्राबद्दल बोलायचे. आज पट्टा घसरला, आज तेल काळं पडलंय, आज मालक म्हणाले की यंत्र तुझ्या हातात सुधारलं. त्या वाक्याचा त्यांना किती आधार होता ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता माझे स्वतःचे केस पिकलेत, गुडघे बोलतात, आणि काम हातातून जाऊ बघतं तेव्हा माणूस कसा एकाच वाक्याला धरून राहतो ते मला माहीत झालंय.

त्या वर्षी पाऊस लांबला. मैदानातलं गवत पोटरीच्या वर गेलं. दसऱ्याच्या सुट्टीसाठी सगळ्या खोल्या आधीच बुक झाल्या होत्या, आणि नेमकं तेव्हाच यंत्राने दगा दिला. अप्पांनी चावी फिरवली आणि नुसतं टक झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. “सेल्फ घेईना झालाय,” अप्पा म्हणाले. इंजीन पहिल्यांदा फिरवून देणारी जी मोटार असते तिला आमच्याकडे सगळे सेल्फच म्हणतात. अप्पांनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी धरली होती. मी गरम पाणी ओतलं, त्यांनी पॉलिश पेपरने टोकं घासून लख्ख केली, वायरी आवळल्या. टक. त्या यंत्रात सीटखाली एक बटण होतं, माणूस बसला नसेल तर यंत्र चालू होऊ नये म्हणून, आणि ब्रेकच्या पायाखाली दुसरं. अप्पांनी तीही तपासली. ती दाबली नाहीत तर टकसुद्धा येत नव्हतं. म्हणजे बटणं शाबूत होती. मालकांनी बॅटरी रामनगरला नेऊन चार्ज करून आणली. पुन्हा टक.

“बॅटरीच मेलीया,” अप्पांनी निकाल दिला. “चार्ज धरंना. नवीच पायजे.”

मी ट्रॉलीच्या काठावर बसले होते. त्या संध्याकाळी यंत्राचा पुढचा दिवा चालू होता आणि त्याचा उजेड शेडच्या भिंतीवर पडला होता. अप्पा चावी फिरवत तेव्हा मी उजेडाकडे बघत होते. तो जरासुद्धा मंद होत नव्हता.

“अप्पा, बॅटरी गेली असती तर दिवा बसला असता की. ह्यो तर हलंनासुदीक.”

“तुला काय कळतंय गं त्यातलं? इतकी वरसं लॉरी काय म्या तोंडानं चालीवली व्हय?”

अप्पा त्या दिवसांत फार चिडचिडे झाले होते. मालक त्यांना एका शब्दाने बोलले नव्हते, पण अप्पा जेवताना मधेच थांबायचे आणि म्हणायचे, “यंत्र बंद पडलं तर यंत्रवाल्याचं काय काम हितं?” अव्वा भाकरी थापटत म्हणायची, “गावाकडं जाऊ. भात कापायला मानसं लागत्यात.” अप्पांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहायचा.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळी मालक जीप घेऊन बेळगावला निघाले, नवी बॅटरी आणि किराणा आणायला. दिवेलागणीच्या आत परत येतो म्हणाले. रिसॉर्टवर आम्ही तिघंच उरलो. आमच्यापासून डांबरी रस्ता बराच दूर, मधे रानातून जाणारी लाल मातीची वाट, तीही वर चढत जाणारी आणि एका वहाळाच्या पाण्यातून उतरून पलीकडे निघणारी. मालकांकडे मोबाइल होता, पण तो रेंजसाठी त्यांना गणेशगुडीच्या चढावर न्यावा लागायचा. ऑफिसातल्या टेबलावरचा फोन पावसात मेला होता, तो अजून उठला नव्हता.

जीपचा आवाज विरला तसे अप्पा उठले आणि कोयता घेऊन मैदानात उतरले. “बॅटरी येऊस्तवर पायऱ्यांपुढचं तरी कापून ठेवतो,” म्हणाले. अव्वा म्हणाली, “बूट तरी घाला.” त्यांनी बूट घातले. त्या बुटांनी त्यांचे पाय राखले. पण गवत कापताना माणूस डाव्या हाताने मूठ धरतो आणि उजव्या हाताने कोयता ओढतो, आणि डावा हात उघडा होता.

मी कांदे चिरत होते. अप्पांनी हाक मारली नाही. ते स्वतः चालत आले, डावं मनगट उजव्या हाताने धरून, आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर अगदी सावकाश बसले.

“सुमे, घोणस हुती,” ते म्हणाले. “साखळीवानी अंग. म्या चांगली बघितली.”

मनगटाच्या खाली, अंगठ्याच्या बाजूला, दोन टिपके होते आणि त्यातून रक्त ओघळत होतं. अव्वाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला की तो मी त्याआधी किंवा त्यानंतर कधीच ऐकला नाही. ती पदर फाडून हात आवळायला लागली. मी शाळेत ऐकलं होतं की घट्ट आवळू नये, हात हलवू नये, म्हणून मी तिला थांबवलं आणि एका फळकुटाला हात सैल बांधला. अप्पा आमच्या दोघींकडे बघत होते. त्यांचा हात आमच्या डोळ्यांसमोर फुगत होता. बोटांवरच्या रेषा नाहीशा झाल्या, अंगठीभोवती मांस वर आलं. मी साबण लावून अंगठी ओढून काढली तेव्हा त्यांनी दात आवळले, आणि दात दिसले तेव्हा हिरड्यांच्या कडेने लाल रेघ उमटलेली होती.

“पळ,” अव्वा म्हणाली. “रस्त्याला जा. कोण तरी गावंल.”

मी पळाले असते. फाटकापर्यंत गेलेही. पण तिथे थांबून मी हिशेब केला. मी रस्त्याला पोचणार, गाडीची वाट बघणार, त्या रस्त्यावर कधी कधी अर्धा दिवस काही येत नाही. आलं तर ते आत वळवायला सांगणार, आणि तोवर अप्पा इथे पायरीवर. अप्पांनाच रस्त्याला न्यायला पाहिजे होतं. मी मागे फिरले. आम्ही दोघींनी त्यांना घोंगडीत घालून उचलायचा प्रयत्न केला. अप्पा आडदांड माणूस. फाटकाच्या अलीकडेच अव्वाच्या हातातून घोंगडी सुटली आणि अप्पा कण्हले, आणि त्यांनी ओकारी केली. अव्वा मातीत बसली. “न्हाई हुनार गं,” ती म्हणाली. “आपल्या दोघींच्यानं न्हाई हुनार.”

तेव्हा मी शेडकडे बघितलं.

मी ट्रॉली ओढत आणली. तीत गोणपाटं अंथरली आणि आम्ही अप्पांना खांद्याला धरून, ढकलून, कसंतरी आत निजवलं. ट्रॉली मागे रेटत यंत्राला जोडली, खिट्टी अडकवली. अप्पांनी डोळे उघडले.

“बॅटरी न्हाई,” ते पुटपुटले. “कशाला उगा…”

“गप पडा तुमी,” मी म्हणाले. बापाला असं मी जन्मात कधी बोलले नव्हते.

मी सीटवर बसले, ब्रेक दाबला, चावी फिरवली. टक. दिवा लावला, तो दिवसा उजेडातही पिवळाधमक लागला. फिरवली. टक, आणि दिवा तसाच. बॅटरीत जीव होता. मग तो जीव सेल्फपर्यंत का पोचत नाही? मी खाली उतरले आणि बॅटरीपासून निघालेली लाल जाड वायर बोटाने धरून तिच्या मागे मागे गेले. ती इंजिनाकडे जात नव्हती. मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्याखाली एक मुठीएवढी डबी होती, तिच्यात शिरत होती. डबीच्या दुसऱ्या टोकाहून तशीच जाड वायर निघून सेल्फकडे गेली होती. लॉरीला ही सोलेनॉइडची डबी, चावी फिरवली की सेल्फला करंट सोडणारी, सेल्फच्याच पाठीवर असते. इथे ती लांब, पत्र्याआड, चिखलाने लिंपलेली. अप्पांनी तिला यंत्राचा एखादा फ्यूज समजून सोडून दिलं असावं. मी डबीवर हात ठेवला, अव्वाला चावी फिरवायला सांगितलं. काहीच झालं नाही. मग लक्षात आलं, सीटवर कुणी नाही. मीच एका हाताने सीट दाबली, पायाने ब्रेक दाबला आणि अंग वाकडं करून दुसरा हात डबीवर टेकवला. अव्वाने पुन्हा चावी फिरवली आणि टक हाताला लागलं. आवाज त्या डबीतूनच येत होता. दार उघडायचा आवाज होत होता, पण दार उघडत नव्हतं.

लॉरी अशी अडली की अप्पा काय करायचे ते मी लहानपणी कितीदा बघितलं होतं. ते त्याला शॉट मारणं म्हणायचे. दोन जाड टोकांवर लोखंडाचा पाना आडवा टेकवायचा, म्हणजे करंट डबीला वगळून सरळ जातो. मी अप्पांच्या पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, लाकडी मुठीचा. यंत्र न्यूट्रलला आहे ना, पाती वर आहेत ना, दोनदा बघितलं. चावी चालू करून ठेवली. टाकीतल्या पेट्रोलचा वास येत होता. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि ठिणग्यांचा असा झोत उडाला की मी किंचाळून तो फेकून दिला.

“सुमे!” अव्वा ओरडली.

“काय न्हाई. काय न्हाई झालं.” मी शेडपुढच्या गवतातून स्क्रू ड्रायव्हर शोधला. ह्या वेळी डोळे मिटले आणि दाबून धरला. सेल्फ फिरला. घर्र, घर्र, घर्र. माझा ऊर भरून आला. पण इंजीन पेटेना. घर्र, घर्र, आणि कोरडं. मी सोडलं. ट्रॉलीत अप्पा कुशीवर वळून लाल थुंकले.

सीट. पुन्हा तेच. सीटवर कुणी नसेल तर इंजीन पेटू न देणारं ते बटण.

“अव्वा, वर बस.”

अव्वाला त्या यंत्राचा तिटकारा होता. त्या सकाळपर्यंत तिने त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं, वाटेत असलं तर वळसा घालून जायची. तिने कासोटा खोचला आणि वर चढली. “ह्यो पाय दाब. सोडू नगंस. कायबी झालं तरी सोडू नगंस.” मी पत्र्याखाली हात घातला. ठिणग्या, घर्र, घर्र, आणि मग इंजीन खाकरलं, धुराचा एक काळा गोळा टाकला आणि धडधडायला लागलं.

अव्वाने हात जोडले, “देवा” म्हणाली आणि आनंदाच्या भरात खाली उडी मारली. इंजीन बंद पडलं.

त्या शांततेचं मी काय वर्णन करू? मी आजही कुणाच्या गाडीचा सेल्फ नुसता टक करताना ऐकला की मला तीच शांतता पुन्हा ऐकू येते. अव्वाला काय झालं ते कळलंच नव्हतं. ती माझ्याकडे आणि यंत्राकडे बघत राहिली. मी तिला समजावलं. ती पुन्हा चढली, तिचे ओठ हलत होते. मी पुन्हा टेकवलं. आता सेल्फ जड फिरत होता, बॅटरी खरंच दमत चालली होती. घर्र. घर्र. मी मनात म्हणत होते की एवढ्या वेळेस, फक्त एवढ्या वेळेस. इंजीन पेटलं. “हलू नगंस!” मी ओरडले आणि तशीच चाकावर पाय देऊन तिच्या मांडीवर जाऊन बसले. अव्वा माझ्याखालून इंच इंच सरकत बाहेर निघाली, मी तिच्या जागी भरत गेले, तिचा पाय ब्रेकवरून निघाला तेव्हा माझा त्यावर होता. ती मागे ट्रॉलीत गेली आणि अप्पांचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

ते यंत्र जोरात धावायला केलेलं नव्हतंच. माणूस झपझप चालला तर बरोबरीने राहील एवढाच त्याचा वेग. दोन्ही बाजूंनी रान, वर चढण, चिखलात मागची चाकं घसरून पुन्हा धरत होती. मला मागे बघायची भीती वाटत होती. अव्वा त्यांच्याशी बोलत होती ते मात्र इंजिनावरून ऐकू येत होतं. बोलण्याला धरबंध नव्हता. भात किती वाढला असेल, चुलत्याची म्हैस व्यायली असेल, लग्नात तुम्ही नवा सदरा उलटा घातला होता. मधेच “ऐकताय न्हवं?” आणि मग उत्तरासाठी थांबायची. उत्तर यायचं तेव्हा ती पुन्हा बोलू लागायची. एकदा उत्तर आलं नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलं, आवाज चढवून, आणि मग अप्पांचा “व्हय” आला. तेवढ्या वेळात मी स्टिअरिंगवर पुढे वाकले होते, यंत्राला माझ्या अंगाने ढकलता येईल अशा वेडेपणाने.

वहाळात पाणी घोट्याच्या वर होतं. पुढची चाकं उतरली, पलीकडे चढली, आणि मागचं डावं चाक दोन दगडांत बसलं. जागच्या जागी फिरायला लागलं. खाली उतरून ढकलावं तर माझ्याखालचं बटण सुटणार, इंजीन मरणार, आणि त्या बॅटरीत आणखी एक शॉट उरला आहे असं मला वाटत नव्हतं. मला उतरता येत नव्हतं. तिथे, अप्पांपासून हातभर अंतरावर, मी जखडून बसले होते.

“अव्वा, तुला उतरावं लागंल.”

तिने अप्पांचं डोकं गोणपाटावर टेकवलं, पाण्यात उतरली. आधी दगड उपसू लागली, तो हलेना. मग ट्रॉलीच्या मागे गेली आणि खांदा लावला. मी पुढे टाकलं. “पुन्हा!” ती मागून ओरडली. चाक वर आलं, पुन्हा बसलं. “पुन्हा!” तिचा पाय घसरला, ती पाण्यात गुडघ्यांवर आपटली, उठली. “सुमे, पुन्हा!” आणि ह्या वेळी मला मागून एक धक्का बसला, तो माझ्या कमरेत जाणवला, आणि यंत्र उडी मारून काठावर चढलं. ती एवढीशी बाई. तो जोर तिने कुठून आणला ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. मी यंत्र थांबवलं नाही, ती भिजल्या लुगड्याने धावत येऊन ट्रॉलीत चढली.

डांबरी रस्ता रिकामा होता. दोन्हीकडे नजर जाईल तिथवर ओला काळा रस्ता आणि वर वाकलेली झाडं. मी यंत्र रस्त्याच्या मधोमध आडवं लावलं आणि सीटवरच बसून राहिले. इंजीन चालू ठेवलं, कारण ते चालू होतं तोवर आम्ही काहीतरी करत आहोत असं वाटत होतं. अप्पांचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. ते आता अव्वाला उत्तर देत नव्हते, नुसते डोळे उघडत होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मी मोठ्याने बोलत होते, कुणाशी ते माहीत नाही, आणि माझ्या हातांना स्टिअरिंग सोडता येत नव्हतं.

खडीची लॉरी आली ती वळणावरून. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग ट्रॉली दिसली तसा ब्रेक मारून उडी टाकली. “एनायतु?” काय झालं, त्याने विचारलं.

“हावु कच्चितु,” मी कन्नडमध्ये म्हणाले, साप चावला, आणि तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

त्याने पुढचं विचारलंच नाही. अप्पांना एकट्याने खांद्यावर घेतलं आणि केबिनमध्ये चढवलं. “बेग, बेग हत्री!” तो आम्हाला चढायला सांगत होता. मी सीटवरून उठले. मागे यंत्र बंद पडलं, लॉरी त्याच्या कडेने मातीत उतरून निघाली, मी वळूनही बघितलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अप्पांचं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर उभं करून ठेवलं. बऱ्याच वेळाने नळी तिरपी केली तर ते पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. “गोठत नाहीये,” त्या म्हणाल्या आणि विषावरच्या औषधाच्या कुप्या एकामागून एक फोडू लागल्या. मग रुग्णवाहिका, मग बेळगाव. तिथे अप्पांची लघवी थांबली, रक्त यंत्राने साफ करावं लागलं. अव्वा त्या यंत्राकडेही टक लावून बसायची आणि ते जरा थांबलं की नर्सला हाक मारायची. बरेच दिवस आम्हाला कुणी “वाचतील” असं म्हणालं नाही. मग एका सकाळी डॉक्टर “मूत्रपिंडं कामाला लागली” म्हणाले, आणि अव्वाने त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला, मग वॉर्डच्या फरशीवर पदर तोंडावर घेऊन झोपली. ती एवढी झोपली की मला वाटलं आता तिलाच काही झालं. अप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. उरलेली वाकडी राहिली.

मालक भेटायला आले. त्यांना त्या संध्याकाळी आमची गाडी रस्त्यात आडवी सापडली होती. नवी बॅटरी घालून बघितली त्यांनी.

“मग?” अप्पांनी उशीवरून विचारलं.

“टक,” मालक म्हणाले. “डबी बदलली तेव्हा चालू झालं.”

अप्पांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, “बॅटरीबी कमजोरच हुती.” अव्वा हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिला आवरेना.

आम्ही परत आलो तोवर थंडी पडली होती. यंत्राच्या सीटवर आता कुणी बसायचं हे मालकांनी न बोलता ठरवलं होतं, चावी त्यांनी माझ्या हातात दिली. अव्वा विरोध करेल, गावाकडे जाऊ म्हणेल, असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. पहिल्या सकाळी मी इंजीन सुरू केलं, पाती खाली सोडणार तोच ती मागच्या दारातून आली. हातात बांबूची उंच काठी. अप्पांचे बूट घातलेले, तिच्या पायात ते ढगळ होत होते. ती यंत्राच्या पुढे जाऊन उभी राहिली, मैदानाकडे तोंड करून, आणि गवतावर काठी आपटत चालू लागली. काठी आपटायची, पाऊल टाकायची, पुन्हा आपटायची. मैदानाच्या टोकाला मी वळले तेव्हा ती माझ्याआधी वळली होती. अप्पा पायरीवर, हात गळ्यात अडकवून, बघत होते. मी ओरडले की अव्वा, ऊन चढलं, बस जा आता, मी बघते. तिने मागे बघितलं नाही.

“तू सावकास ये,” ती म्हणाली. “मी म्होरं हाय.”